पिवळ्या पोटाचे पक्षी

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. सामान लावून झालं आणि लगेच ही वही उघडली, कारण तसं कबूल करून आलेय. बस सुटताना ताईने ती खिडकीतून हातात कोंबली आणि म्हणाली, तिथे तुझी बडबड ऐकायला कुणी नसणार, ती यात ओत, नाहीतर पोट फुगेल तुझं. ताईची माया ही अशी, कायम टोमण्यात गुंडाळलेली.

खोली दुसऱ्या मजल्यावर. दोन खाटा, एक टेबल, एक कपाट. कपाटाचं दार कितीही लावा, ते आपल्या मर्जीने उघडतं. खिडकीसमोर किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आहे आणि त्याच्या शेजारी एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ, ज्याच्या काचेत अजून कुणा नवरा-नवरीचा फोटो लटकतोय. घरमालकीण खालीच राहते. एकटीला दोन खाटा कशाला, एक उचलून नेते म्हणाली. मी म्हटलं, नाव काढू नका. थंडी सरली की माझी मोठी बहीण येतेय, कायमची.

आम्ही दोघीच आहोत एकमेकींना. आई-वडील गेले तेव्हा मी इतकी लहान होते की मला त्यांचे आवाजसुद्धा आठवत नाहीत. मामाच्या घरी राहिलो, पण वाढवलं ते ताईने. वेणी, अभ्यास, ताप, मार, सगळं तिच्याकडून. आता तिने दवाखान्यातली रात्रपाळी सोडायची, इथे यायचं आणि आयतं खायचं, असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय. ती नुसती हसते.

दुसऱ्या खाटेवर आत्ताच चादर घालून ठेवली. रिकामी खाट बघवत नव्हती.

५ नोव्हेंबर, बुधवार

कामाची जागा आवडली. मला पहिल्या झटक्यात काहीही आवडत नाही, तेव्हा हे ताईला मुद्दाम सांगायला हवं.

जुन्या गोदामाचा तळमजला. उंच खिडक्या, मधोमध लांबलचक टेबलं, भिंतीला लागून शिलाई मशिनं, आणि बटणांच्या इतक्या बरण्या की गोळ्या-बिस्किटांचं दुकान वाटावं. काम असं की माणूस गेलं तरी त्याचे कपडे घरात उरतात. ते टाकवतही नाहीत आणि बघवतही नाहीत. लोक ते आमच्याकडे आणतात आणि आम्ही त्यांचं भिंतीवर लावायला काहीतरी शोभेचं करून देतो. आजोबांच्या कोटाचं झाड, आईच्या स्कार्फांच्या फुलांचं कडं, कुणाच्या जीन्सचं दारं-खिडक्यांसकट घर. चिंध्यांचं सोनं करणं म्हणतात ते हेच.

मालकिणीला सगळे नुसतं बाई म्हणतात. गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेला आणि दिवसभर चष्म्याचीच शोधाशोध. शिवणाऱ्या दोन मुली आहेत. त्या कानात वायरी घालून बसतात. त्यांना मी अजून दिसलेच नसावे. कोपऱ्यात इस्त्रीकाका. त्यांनी मात्र पहिल्याच दिवशी माझी इस्त्री न केलेली ओढणी बघून कपाळाला हात लावला आणि ती काढून घेतली. बोलणारं एक तरी माणूस मिळालं.

बाईंची एक रीत गमतीची. कुणीही कपडा घेऊन आलं की त्या एकच गोष्ट विचारतात, हा आणखी कुणी अंगात घातला होता का? हो म्हटलं की कपडा परत. आज एक तरुण माणूस बायकोचा स्वेटर घेऊन आला होता. थंडीत कधीमधी मी पण घालायचो, असं तो बिचारा खरं बोलून गेला. बाईंनी चहा पाजला, पाठीवर हात फिरवला, पण स्वेटर काही घेतला नाही. मी इस्त्रीकाकांना विचारलं तर ते म्हणाले, नियम आहे, पाळायचा, डोकं कशाला शिणवतेस.

तयार झालेली चित्रं हाताला कोमट लागतात. इस्त्रीची ऊब असावी.

९ नोव्हेंबर, रविवार

ताईचा फोन. दर रविवारी करायचा असं ठरलंय. मी तासभर बोलले. ती मध्ये मध्ये हं म्हणत होती आणि मागे पातेल्यांचा आवाज येत होता. शेवटी म्हणाली, तू लहानपणी बटण गिळलं होतंस आणि आता बटणांच्याच राज्यात जाऊन बसलीस, जरा सांभाळून. हा किस्सा ती मला माझ्या म्हातारपणीही ऐकवणार आहे.

फोन ठेवल्यावर खोली एकदम मोठी झाली. रस्त्यावर फिरून आले. इथले लोक वाईट नाहीत, पण सगळ्यांची माणसं आधीच ठरलेली आहेत. माझ्यासाठी कुणी सरकून जागा करावी असं काही त्यांचं अडलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज माझं नाणं खणखणीत वाजलं.

एका शाळामास्तरीणबाईंची ऑर्डर होती. वडिलांच्या तपकिरी कोटाचं झाड आणि त्यावर एक पक्षी. झाड सुरेख उतरलं. पण पक्षी काही केल्या जिवंत होईना. कोटाच्या अस्तराचा, नुसता मातकट. त्याच्या पोटाला पिवळा हवा होता. वर्कशॉपमधले सगळे पिवळे शोधले. एक भडक, एक कच्च्या रंगाचा, एक चमकणारा. मला हवा होता मऊ, धुऊन धुऊन उतरलेला, लोण्याकडे झुकणारा.

आणि तो माझ्या अंगावरच होता. माझा घरात घालायचा पिवळा ड्रेस. ताईने पहिल्या पगारात घेतलेला, मग मला लहान-मोठा करून दिलेला. दोघींच्या मिळून इतकी वर्षं चाललाय की त्याचं कापड आता कापड राहिलं नाही, साय झालीय. घरातला ड्रेस कामावर घालून जायचं कारण एवढंच की बाकीचे धुवायला पडले होते. खालच्या दुमडीत आतून बोटभर तुकडा कापला. बाहेरून दिसतही नाही. पक्ष्याचं पोट भरलं आणि तो असा दिसायला लागला की आता बोलेल.

बाईंनी चष्मा लावून बघितला, काढून बघितला. तोंडभर कौतुक केलं. त्या दोन मुलींनीसुद्धा कानातल्या वायरी काढल्या.

२३ नोव्हेंबर, रविवार

मास्तरीणबाई परवा चित्र घेऊन गेल्या. ऑर्डर द्यायला आल्या तेव्हा वडिलांच्या आठवणीने त्यांना शब्द फुटत नव्हता. काल रस्त्यात भेटल्या तर छान हसल्या, चित्र हॉलमध्ये लावलंय म्हणाल्या, सगळे विचारतात कुठून घेतलं. वडिलांचा विषयही नाही. माणूस असं मोकळं होताना बघितलं की आपण काहीतरी भलं करतोय असं वाटतं.

ताईचा फोन झाला. मीच मुद्दाम बटणांचा विषय काढला, म्हटलं आता ती गिळल्याचं ऐकवेल. तर ती विचारते, कुणी गिळलं होतं? मी म्हटलं, चेष्टा पुरे. ती मग म्हणाली, रात्रपाळीने डोकं जागेवर नसतं गं. खरंच आहे ते. तिला लवकर इकडे आणायला हवं.

३० नोव्हेंबर, रविवार

पिवळ्या पोटाच्या पक्ष्याची हवा झालीय. जो येतो तो म्हणतो, तसा पक्षी आमच्याही चित्रात हवा. दुसरा पिवळा बाईंना पसंत नाही आणि मलाही नाही. त्यामुळे ड्रेसचा एक खिसा गेला, मग दुसरा, मग डावी बाही. काय हरकत आहे? जुना तर ड्रेस. माझे पक्षी आता कुठल्या कुठल्या गावांना पार्सलने जातात. मी इथे एकटी बसून जेवते आणि माझे पक्षी भरल्या घरांत राहतात, असं मनात आलं आणि जरा हसू आलं, जरा रडू.

बाईंनी विचारलं, हे कापड कुठलं. मी म्हटलं, माझ्याजवळचं जुनं. त्यांनी तोंड उघडलं, त्यांना काहीतरी विचारायचं होतं, तेवढ्यात चष्मा सापडेना आणि विषय राहिला. नेहमीचा प्रश्न असणार. पण तो गेलेल्यांच्या कपड्यांसाठी. मी जिवंत आहे, ताई जिवंत आहे.

७ डिसेंबर, रविवार

ताईचा फोन आला नाही. दुपारी मीच केला.

आवाज ऐकून ती म्हणाली, कोण बोलताय आपण?

मी नाव सांगितलं. ती मग हसली, म्हणाली, अगं तू होय, झोपेत होते. पण पुढची पाच मिनिटं ती माझ्याशी अशी बोलली, जशी दवाखान्यात पेशंटच्या नातेवाइकांशी बोलते. गोड, जपून. एकदा तर अहो म्हणाली. ज्या बाईने मला सोळा वर्षं धपाटे घातले, तिच्या तोंडून अहो.

तिला काही होत तर नसेल? तिच्या वॉर्डातल्या मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, उलट खूश आहे हल्ली, टवटवीत दिसते, एवढंच की इथेच राहणार म्हणते, कुठे जायचं होतं ते विसरल्यासारखी.

११ डिसेंबर, गुरुवार

आज कामावरून आले आणि दुसऱ्या खाटेवर चादर घातलेली बघून वाटलं, ही कुणासाठी घातलीय?

थोडाच वेळ. मग आठवलं. पण तो थोडा वेळ फार वाईट होता.

झोप येईना म्हणून लहानपणचं आठवत बसले. मामाच्या घरामागचा झोका. मी पडले, गुडघा फुटला, कुणीतरी पळत आलं आणि मला उचललं. पळत येणारा पिवळा ड्रेस स्पष्ट दिसतोय. त्याच्या बाह्या माझ्याकडे पसरलेल्या. पण बाह्यांतून हात बाहेर आलेले नाहीत. गळ्यावर चेहरा नाही. ड्रेस एकटाच पळत येतो आणि मला उचलतो.

बॅगेतला लहानपणचा फोटो बाहेर काढून बघितला. मी आहे, दात पडलेली. शेजारी एक मोठी मुलगी आहे. ही ताई. हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणून कळलं, ओळखीने नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

बाईंच्या खुर्चीमागे वर्कशॉपमधलं सगळ्यात मोठं चित्र आहे, पुरुषांच्या शर्टांच्या पट्ट्यापट्ट्यांची होडी. आज सहज विचारलं, हे शर्ट कुणाचे होते. बाईंनी मान वळवून होडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, असतील कुणाचेतरी, कापड चांगलं आहे ना? आणि पुन्हा कामाला लागल्या.

इस्त्रीकाकांची इस्त्री मध्येच थांबली. मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बाहेर नेलं आणि सांगितलं.

ते बाईंच्या नवऱ्याचे शर्ट. तीस वर्षांचा संसार. तो गेला तेव्हा बाईंनी अन्नपाणी सोडलं होतं. हात गुंतवायला म्हणून त्यांनी होडी केली, या वर्कशॉपमधलं हे पहिलं काम. ज्या दिवशी होडी खिळ्यावर चढली, त्या दिवसापासून बाई जेवायला लागल्या. नवरा होता हेच त्यांना आठवत नाही. काका म्हणाले, चित्र भिंतीवर लागलं की कपडा ज्याने घातला होता तो, त्याची ओढ असणाऱ्या माणसांच्या मनातून उतरतो आणि चित्रात जाऊन बसतो. म्हणून ती कोमट लागतात. गेलेल्या माणसाच्या बाबतीत हे औषधच म्हणायचं. लोकांना पुरतं कळत नाही, पण झोप लागते.

मग नियम कशाला, मी विचारलं. ते म्हणाले, एकदा बापाचा कोट आला होता. पोरगाही तो घालायचा, हे कुणी सांगितलं नाही. चित्र लागलं आणि आईच्या मनातून दोघेही गेले. बाप मेलेला होता, ठीक. पोरगा संध्याकाळी कामावरून घरी आला आणि आईने दारातच विचारलं, कोण हवंय आपल्याला? नियम तेव्हापासूनचा, आणि तो काकांनी घातलाय. बाईंना त्याचं कारण ठाऊक नाही, त्या नुसता पाळतात.

मी त्यांना पिवळ्या ड्रेसचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. इस्त्री गरम राहिलीय असं काहीतरी म्हणून आत गेले.

१६ डिसेंबर, मंगळवार

तो ड्रेस ताईने घातला. मी घातला. ताईची ओढ फक्त मला. माझी ओढ फक्त ताईला. म्हणजे आम्ही एकमेकींच्या मनातून चाललोय. दुसरं कुणी विसरणारच नाही आम्हाला, कारण दुसरं कुणी नाहीच.

आणि कात्री मी चालवली. कौतुकासाठी.

आता एक टाकाही घालणार नाही. ड्रेसचं जे उरलंय ते अंगातच घालून बसलेय. पण पक्षी तर सगळे गेले. गावोगाव. जसजशी पार्सलं पोचतील, कुणीतरी खिळा ठोकेल. ते मला कळणारही नाही.

गावातला एकच आहे. मास्तरीणबाईंचा. उद्या जाते. उसवून आणते.

१७ डिसेंबर, बुधवार

गेले होते.

मास्तरीणबाईंनी प्रेमाने आत घेतलं. हॉलमध्ये झाड. मी पक्ष्याच्या पोटावर बोट ठेवलं आणि ताई आली. अख्खी. तिचं नाकातून हसणं, हाताला दवाखान्याच्या साबणाचा वास, माझ्या वेणीला हिसका देत बोलणं, हलू नकोस गं, वळवळ्या साप आहेस नुसती. सगळं त्या बोटभर कापडात होतं, ऊबदार, जसंच्या तसं. मी तिथेच रडायला लागले. मास्तरीणबाई घाबरल्या. म्हणाल्या, हवा असेल तर घेऊन जा पक्षी, शोभेचीच तर वस्तू आहे.

मी घाई केली. कात्री काढली, टाके उसवले, तुकडा सुटून हातात आला.

गार. एकदम गार. नुसती चिंधी.

आणि ताई आता होती ती कुठे गेली? मला आत्ता, लिहिताना, एवढंच आठवतंय की काहीतरी आठवलं होतं. वर मीच लिहिलंय ते वाचते. साबण. वेणी. कुणाच्या तरी घरातली गोष्ट.

नुसता हात ठेवून बसले असते तर. रोज जाऊन हात ठेवला असता तर. मला उसवायची कुठे गरज होती, मला नेहमी सगळं हातात हवं असतं —

२१ डिसेंबर, रविवार

फोन केला. आधीच सांगून टाकलं, तुम्ही मला ओळखणार नाही, पण फोन ठेवू नका. सगळं सांगितलं. ड्रेस, पक्षी, सगळं. वेडी म्हणेल वाटलं.

ती मग म्हणाली की तिच्या कपाटात एक लहान मुलीची रिबन आहे, कुणाची ते आठवत नाही, आणि ती टाकायला गेलं की हात उचलत नाही. म्हणून विश्वास ठेवते. म्हणाली, मी लिहून घेते सगळं. पुढच्या रविवारी सकाळच्या बसने येते. ओळखू नाही आलीस तरी येते. समोरासमोर बसू, नव्याने ओळख करून घेऊ. माणसं करतातच की.

आवाज चांगला आहे तिचा. धीराचा. मी ड्रेस घालून स्टँडवर थांबणार. एका बाहीचा पिवळा ड्रेस, चुकायची नाही.

जीव भांड्यात पडला. निदान आजचा दिवस.

२४ डिसेंबर, बुधवार

ताईबद्दल आठवेल ते कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. डावा पाय किंचित ओढत चालते. चहात साखर नाही. चिडली की भांडी घासते.

वाचते. पाठ झालंय. पण आतून काही हलत नाही. परीक्षेला पाठ करतात तसं.

आज कुठेतरी खिळा ठोकला गेला असणार. दुपारी वर्कशॉपमध्ये बटणं निवडताना अंगावर काटा आला आणि मामाच्या घरातली पाच-सहा वर्षं रिकामी झाली. मी शाळेत जातेय. वेणी घातलेली आहे. कुणी घातली?

२६ डिसेंबर, शुक्रवार

रात्री दुसऱ्या खाटेवर ड्रेस पसरून ठेवला होता. सकाळी त्यात कुणी नाही हे बघून मला आश्चर्य वाटलं. मग आश्चर्य वाटल्याची भीती वाटली.

काका येऊन गेले. दारातच उभे. म्हणाले, पाच पार्सलं सुट्टीमुळे अडकली होती, ती आता पोचत असतील. परत मागवली का, मी विचारलं. दोन गिऱ्हाइकांनी नाही म्हटलं, बाकीचे फोन उचलत नाहीत. काकांचे डोळे भरले होते. कुणासाठी — हं. आमच्यासाठी.

२७ डिसेंबर, शनिवार

उद्या स्टँड. सकाळची बस. ताई. बहीण.

भिंतीवरचा कागद कुणाच्या अक्षरात आहे ते बघितलं. माझ्याच.

भीती वाटते. एकटं वाटतं असं लिहिणार होते, पण एकटं वाटायला आधी कुणीतरी असावं लागतं, आणि माझ्या डोक्यात ती जागाच बुजत चाललीय. सारवल्यासारखी —

हातावर लिहून ठेवलं. ताईला घ्यायला जायचं.

२८ डिसेंबर, रविवार

स्टँडवर. बाकावर बसून लिहितेय. गार वारा, आणि अंगात हा एका बाहीचा ड्रेस. लोक बघतात. बघू देत.

लिहीत राहायचं, म्हणजे धागा सुटणार नाही. ताई येतेय. ताई माझी मोठी बहीण. तिने मला वाढवलं. आम्ही दोघीच.

बस आली. लोक उतरतायत. म्हातारा, त्याची बायको. दोन मुलगे. एक जाडा माणूस, गाठोडं घेऊन.

मागच्या दाराने एक बाई. हातात कागद. डावा पाय ओढत — तीच. कागदामुळे नाही, पायामुळे नाही, मी बघितलं आणि मला कळलं, तीच आहे, ती इकडे बघतेय, हसली, नाकातून हसली, ताई, माझी ता

इथे फार गार आहे. बाकावर का बसलेय?

हातावर काहीतरी लिहिलंय, पुसट झालंय. वहीत वर लिहिलंय, तीच. कोण तीच? अक्षर माझं.

एक बाई समोर उभी आहे. मध्येच थांबल्यासारखी. तिच्या हातात कागद आहे, तो दुसऱ्या कुणाचं पत्र असल्यासारखा वाचते, मग माझ्याकडे बघते, मग माझ्या ड्रेसकडे. चेहरा दमलेला, चांगला. मला वाटलं काही विचारेल. ती नुसती सॉरी म्हणाली, कुणीतरी न्यायला येणार होतं वाटतं, असं म्हणत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

आम्ही दोघी बसलोय. तिलाही थंडी वाजतेय. मधल्या जागेत तिने बॅग ठेवलीय. बोलायला हवं काहीतरी, पण काय —

तिने डोळे पुसले. मग स्वतःचाच हात बघत बसली, ओला कसा झाला म्हणून.

परतीच्या बसचा हॉर्न झाला. ती उठली. कागदाची घडी घालून बाकावरच ठेवली, बॅग उचलली.

मला का इतकं भरून आलंय? ओळख ना पाळख. तिला जाऊ द्यायचं नाही एवढंच कळतंय. ती पायरीवर चढतेय. हाक मारायला हवी, आत्ता, पण काय म्हणून हाक मा